पन्नास मीटरचं घड्याळ

सन २०२१. जून महिना संपायला पाच दिवस राहिले होते. किरगिझ मुलखातल्या इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर जर्दाळू पिवळे पडू लागले होते आणि समोरच्या डोंगरावरचा बर्फ निम्म्यावर आला होता. त्या दिवशी मला खोक्यातून बाहेर काढलं.

मी स्मार्टवॉच आहे. मनगटाला बांधायचं, रात्री चार्ज करायचं, छातीचे ठोके मोजणारं घड्याळ. कुणाला दया यावी म्हणून मी बोलत नाही. माझ्यामुळे एक चांगला माणूस अधू झाला. तो कसा झाला तेवढं सांगतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. आधी पोटात यंत्र बसलं, मग वर काच बसली. काच आणि धातू यांच्यामध्ये केसाएवढं बारीक रबरी वायसर घातलं. पाण्यातलं माझं सगळं शौर्य म्हणजे ते वायसर. बाकीचं खोक्यावर छापलेलं.

आमच्या खेपेतून एकाला उचलून परीक्षेला नेलं. बंद भांडं, स्वच्छ गार पाणी, जराही हलत नाही असं. पन्नास मीटर खोलीवर जेवढा दाब असतो तेवढा दाब त्या भांड्यात दिला. दहा मिनिटं तो टिकला. त्याच्या जोरावर आम्हा सगळ्यांच्या पाठीवर ‘५० मीटर’ कोरलं. मला स्वतःला कुणी थेंबभर पाणीसुद्धा दाखवलं नव्हतं.

कारखान्यातल्या माणसांना माहीत होतं की हा आकडा दाबाचा आहे, बुडी मारायच्या खोलीचा नाही. हात धुतले तर चालेल, पावसात भिजलं तर चालेल, काठाकाठानं पोहलं तर चालेल. खोल बुडी नको, गरम वाफ नको, साबण नको, दारू नको. हे त्यांनी लिहिलंही होतं. खोक्याच्या तळाशी घडी घातलेल्या कागदावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, अकरा भाषांमध्ये. किरगिझ त्यांत नव्हती.

माणूस मोठं अक्षर वाचतो आणि बारीक अक्षर टाकून देतो. हे मी पुढं पुष्कळ पाहिलं.

काराकोलच्या बाजारात कयुम नावाच्या दुकानदाराच्या काचेच्या कपाटात मी महिनाभर होतो. माझ्या शेजारी एक जाडजूड, बोजड घड्याळ होतं. त्याच्या पाठीवर ‘पाणबुड्यांसाठी’ असं कोरलेलं. ना ठोके मोजायचं, ना फोन घ्यायचं. गिऱ्हाईक त्याला हातात घेई, वजन बघे आणि परत ठेवी. मी त्याला मनातून हसत असे.

मला घ्यायला जेकशेन आला. चाळिशीतला, काठावरच्या गावातून शहरापर्यंत गाडी चालवणारा. डोळे लाल. कालपाक टोपी काढून त्यानं काउंटरवर ठेवली.

“पाण्यात चालतं का हे?”

“पन्नास मीटर, बाइके,” कयुम म्हणाला. तिकडं वडीलधाऱ्या पुरुषाला बाइके म्हणतात. “ खोक्यावर लिहिलंय. माझ्या पदरचं काही नाही.”

“बत्तीस मीटर जायचंय.”

“मग अठरा मीटर उरतात. ते माझ्याकडून फुकट.”

जेकशेन हसला नाही. त्यानं शेजारच्या बोजड घड्याळाकडं बोट केलं. “आणि ते?”

“ते पाणबुड्याचं. किंमत दुप्पट आणि रूप निम्मं. नुसती वेळ दाखवतं. आजोबांना द्यायचं असेल तर बघा.”

“भेट द्यायचीय. दिसायला पाहिजे.”

“मग विचार कसला करता? हे बघा, ठोकेपण मोजतं. माणूस जिवंत आहे की नाही ते बायकोच्या आधी यालाच कळतं.”

कयुम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. त्यानं खोकं वाचलं आणि तेच सांगितलं. जेकशेननंही खोकंच वाचलं. मी विकला गेलो, बोजड घड्याळ कपाटातच राहिलं.

मला ज्याच्यासाठी घेतलं होतं तो ओमुरझाक. वय अठ्ठावन्न. तरुणपणी तो आरमारात पाणबुड्या होता आणि पुढं गावात मासे धरत असे. चार वर्षांपूर्वी पाण्याखाली तो स्वतःच्याच जाळ्यात अडकला. जेकशेनचा धाकटा भाऊ तुरात होडीत होता. त्यानं अंगातल्या कोटासकट उडी मारली आणि सुरीनं जाळं कापून त्याला वर आणलं. त्या घाईत ओमुरझाकच्या आरमारातल्या घड्याळाचा पट्टाही कापला गेला. घड्याळ तळाला गेलं, माणूस वर आला. तुरात त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. ओमुरझाकही बोलला नाही. पण गावाला हिशेब ठाऊक होता.

मग मला घेतलं त्याच वर्षी मे महिन्यात उलान नावाचा वादळी वारा सुटला आणि तुरातची होडी उलटली. तो वर आला नाही. इसिक-कुलचं पाणी गार. खाली गेलेलं माणूस फुगत नाही आणि तरंगत नाही. त्याच्या जाळ्याचा बोया तेवढा वर राहिला होता. गावकऱ्यांनी जाळं ओढून पाहिलं. ते खाली बत्तीस मीटरवर खडकात अडकलं होतं; ओढायचा दोर तुटला, बोयाचा तेवढा राहिला. शहरातून पाणबुडे आले, दोन दिवस लाटा खवळलेल्या होत्या, ते परत गेले. उरला ओमुरझाक.

ओमुरझाक म्हणे, “घड्याळाशिवाय मी खाली जात नाही.”

ते खरं होतं आणि सबबही होती. त्याच्याकडं जुन्या पद्धतीच्या हवेच्या टाक्या होत्या, हवा किती उरली ते दाखवणारा काटा त्यांना नव्हता. मिनिटं मोजूनच जावं लागे. पण त्याहून खरं हे की जाळ्यात अडकल्यापासून त्याला खोल पाण्याची भीती बसली होती.

जेकशेननं मला आणून त्याच्या हातात ठेवलं आणि ती सबब संपवली. भेट म्हणून दिलेलं मी पहिलं घड्याळ नसेन. पण मला देताना त्या माणसानं ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर चाबूक उगारताना असते.

“घ्या, ओमुरझाक बाइके. आता काय कमी आहे?”

ओमुरझाकनं मला उलटसुलट पाहिलं. मनगटाला बांधलं. मी लगेच त्याचे ठोके मोजले. एकशे अठरा. माणूस नुसता बसलेला होता.

“चांगलं आहे,” तो म्हणाला.

शेजारचा नूरदीन तिथंच होता. होडी त्याची. तो म्हणाला, “धुवायला पाहिजे.”

त्या मुलखात नवी वस्तू घेतली की ती धुतात. म्हणजे तिच्या नावानं पितात. गाडी घेतली तर गाडी धुतात, कोट घेतला तर कोट. धुतलं नाही तर वस्तू टिकत नाही म्हणतात. अशा दिवसांत प्यावं का, असं ओमुरझाक पुटपुटला. जेकशेननं तोवर बाटली उघडली होती. भाऊ पाण्यात गेल्यापासून तो रोजच उघडत होता.

“पाण्यात चालतं ना हे?” नूरदीन म्हणाला. “मग खरंखुरंच धू की.”

जेकशेननं मला सोडवलं, एका वाडग्यात वोडका ओतली आणि मला तीत टाकलं. तिघेही हसले. मी वाडग्याच्या तळाशी पडून त्यांचे चेहरे वाकडेतिकडे होताना पाहत होतो. रबराला दारू मानवत नाही. वायसर कडेनं सैल पडायला लागलं ते मला कळत होतं. सांगायला तोंड नव्हतं. माझ्या पडद्यावर फक्त आलं, ‘आज तुम्ही बाराशे पावलं चाललात.’

हसणं चालू असतानाच अंगणाचं दार वाजलं. बुरुलखान अपा आली होती. तुरातची आणि जेकशेनची आई. सत्तर वर्षांची, ताठ. ती रोज सकाळी यायची, ओमुरझाकच्या दाराशी बादली पालथी घालून बसायची, एकच वाक्य बोलायची आणि जायची. ‘माझ्या तुरातनं तुला दोन मिनिटांत वर काढलं. त्याला खाली तीस दिवस झाले.’ दुसऱ्या दिवशी एकतीस. माझ्यापेक्षा ती बाई मोजण्यात पक्की होती. त्या दिवशी छत्तीसावा होता आणि ती संध्याकाळीही आली.

“काय चाललंय?”

नूरदीन म्हणाला, “अपा, घड्याळ धुतोय. नवीन आहे.”

ती वाडग्यापाशी आली. वाकून तिनं मला पाहिलं.

“घड्याळ धुता,” ती म्हणाली. “आणि माझ्या पोराला कोण धुणार? मुल्ला विचारतो, मयत कधी धुवायचं. मी काय सांगू, गावातली माणसं घड्याळ धुण्यात गुंतलीत म्हणून सांगू?”

“अपा,” ओमुरझाक म्हणाला.

“तू बोलू नकोस. तुझ्या तोंडात जी जीभ आहे ती माझ्या पोरानं पाण्यातून आणून दिलेली आहे. चार दिवसांनी चाळिसावा. पाव्हणे येतील, घोडा कापला जाईल. खड्डा कुणासाठी खणू? त्या बोयासाठी?”

मग ती जेकशेनकडं वळली. “आणि तू. एक भाऊ पाण्यात बुडाला. दुसरा बाटलीत बुडतोय. दोघांतला एक तरी मला कोरडा मिळू दे.”

ओमुरझाक उठला. वाडग्यातून मला काढलं, बाहीला पुसलं आणि मनगटावर बांधलं.

“उद्या जातो,” तो म्हणाला.

ती वळून गेली. उपकार मानायची तिची रीत नव्हती, आणि मानण्यासारखं अजून झालंही नव्हतं.

खोल बुडीच्या आदल्या दिवशी हाडं शेकून घ्यायची ओमुरझाकची जुनी सवय होती. परसात त्याची वाफेची न्हाणी होती. तासभर तो तापलेल्या दगडांवर पाणी मारत बसला आणि मी त्याच्या मनगटावर शिजत होतो. गरम वाफ पाण्यापेक्षा बारीक असते. जिथं पाणी अडतं तिथून ती शिरते. माझं पोट तापलं, आतली हवा फुगून बाहेर निघून गेली. मग तो तसाच धावत जाऊन सरोवरात उतरला. गार पाणी लागताच मी आक्रसलो, आणि बाहेर गेलेल्या हवेच्या जागी ओल आत घेतली. काचेच्या आतून एक धुरकट टिपका आला. तो त्याला दिसला नाही.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं मला हलवून पाहिलं. मी वेळ बरोबर दाखवली.

“चालतंय,” तो स्वतःशीच म्हणाला.

मी चालत होतो. कमरेएवढ्या पाण्यात कोणतंही घड्याळ चालतं. माणूस सोप्या जागी परीक्षा घेतो आणि अवघड जागी भरवसा ठेवतो.

सकाळी पाणी आरशासारखं होतं. होडीत तिघं होते. नूरदीन वल्ह्यावर, जेकशेन दोरावर. ओमुरझाकनं त्याला दोनदा बजावलं.

“पंधरा मिनिटं. पंधरा झाली की दोनदा ओढ. मी काही म्हटलं नाही तरी ओढ.”

“बरं.”

“तुझ्या फोनवर बघ.”

“बरं म्हटलं ना, बाइके. तुमच्याकडंपण आहेच की आता.”

तो पाठीमागं कलून पाण्यात गेला. मी मिनिटं मोजायला लागलो. दहा मीटरवर उजेड हिरवा झाला. वीस मीटरवर उन्हाळा संपला. तिथं कुठलाच ऋतू पोचत नाही. माझ्या बाजूनं एक बुडबुडा सुटला आणि वर गेला. दारूनं सैल केलेलं, वाफेनं शिजवलेलं वायसर एका जागी वाकलं होतं.

सातव्या मिनिटाला पाणी आत आलं.

माझा पडदा त्याच क्षणी विझला असता तर ओमुरझाक वळून वर आला असता. आरमारात त्याला तेच शिकवलं होतं. पण पडदा विझला नाही. आतलं यंत्र गोठलं आणि वर आकडा तसाच राहिला. सात. उजळ, स्वच्छ, ठळक सात. मेलेलं घड्याळ निदान खरं बोलतं. मी मेलो नव्हतो. मी खोटं बोलत होतो, आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

होडी तळाला कुशीवर पडलेली होती. तुरात तिच्यापाशी स्वतःच्याच जाळ्यात होता. गार पाण्यानं त्याला जपलं होतं. माशांनी तेवढं जपलं नव्हतं. ओमुरझाक क्षणभर तसाच थांबला. मग त्यानं सुरी काढली आणि पायाकडून कापायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं त्यानं मला पाहिलं. सात. त्यानं मान हलवली. हात चांगले चालताहेत असं त्याला वाटलं असावं.

पुन्हा बराच वेळ कापलं. पुन्हा पाहिलं. सात.

तो शहाणा माणूस होता. पण इतक्या खोल पाण्यात शहाणपण पातळ होतं, प्यायल्यासारखं. वरच्या माणसाला जे खटकलं असतं ते खाली खटकत नाही. त्यानं वर दोराकडं पाहिलं. दोर सैल होता. दोर ओढला गेला नाही म्हणजे पंधरा झाली नाहीत. घड्याळ तेच सांगतं. दोन साक्षी जुळल्या. त्यानं शेवटची गाठ कापली, तुरातला काखेतून दोर बांधला, आणि तेवढ्यात हवा जड येऊ लागली.

त्यानं राखीव हवेची खिट्टी ओढली. दोराला तीन हिसके दिले. जेकशेननं ते हिसके मात्र लगेच ओळखले आणि तो ओढायला लागला. ओमुरझाक मागोमाग निघाला. इतका वेळ खाली राहिलेल्या माणसानं वाटेत थांबत थांबत वर यायचं असतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. थांबायला हवा उरली नव्हती. तो सरळ वर आला.

आधी तुरातला होडीत घेतलं. मग ओमुरझाकला. दोघे शेजारी शेजारी आडवे.

“झालं,” ओमुरझाक म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, “नूरदीन, माझ्या पायांवर काय ठेवलंयस?”

“काही नाही.”

“काढ ते.”

“बाइके, काही नाही ठेवलेलं.”

ओमुरझाकनं हातानं आपली मांडी दाबली. पुन्हा दाबली. मग विचारलं, “किती मिनिटं झाली?”

जेकशेन भावाच्या तोंडावरचं शेवाळ काढत होता. नूरदीन बोलला.

“अठ्ठावीस.”

“यावर सात आहेत.”

“त्यावर काय आहे ते मला नका सांगू. याला विचारा.” नूरदीननं वल्हं आपटलं. “मी म्हटलं, पंधरा झाली, ओढ. हा म्हणतो, अजून थोडं. मी म्हटलं, वीस झाली. हा म्हणतो, त्यांच्या हातात घड्याळ आहे, त्यांना कळतं. म्हणतो, आता ओढलं तर हा म्हातारा पुन्हा उतरायचा नाही.”

“उतरला असता का?” जेकशेन मान खाली घालूनच म्हणाला. “सांग ना. उतरला असता?”

ओमुरझाकनं मला डोळ्यांजवळ नेलं. सात. त्यानं हात खाली ठेवला. नूरदीन काठाकडं वल्हवू लागला.

काठावर गाव जमलं होतं. बुरुलखान अपा पाण्यात गुडघाभर आली. तिनं मुलाचा हात धरला आणि होडी ओढावी तशी त्याच्या हातानं होडी ओढू लागली. ओमुरझाककडं तिनं एकदा पाहिलं, त्याच्या पायांकडं एकदा पाहिलं, आणि नजर परत मुलावर नेली.

पाय असे गेले तर लवकरात लवकर दाबाच्या बंद खोलीत बसवावं लागतं. वेळेवर नेलं तर पाय परत येतात. ओमुरझाकला ते ठाऊक होतं. ती खोली शहरात, मोटारीनं सात तास. गावात त्या दिवशी गाडी एकच होती, जेकशेनची. नूरदीननं तिचं मागचं दार उघडलं.

“आधी मयत,” जेकशेन म्हणाला.

“मयताला घाई नाही. याला आहे.”

“छत्तीस दिवस झाले, नूरदीन. सदतीसावा चालू आहे. आई उभी आहे तिथं. तू सांग तिला.”

नूरदीननं बुरुलखान अपाकडं पाहिलं. दार धरलेला हात त्यानं सोडला. गाडीत तुरात गेला, आणि दफनाच्या धावपळीत ती पुन्हा मोकळी झाली नाही. ओमुरझाकसाठी शेजारच्या गावात फोन केला. दुसरी गाडी संध्याकाळी येते म्हणाले.

त्यानंतर मी काही दिवस त्या सातावर होतो. मग पडदा काळा झाला. आता मी ओमुरझाकच्या खिडकीत असतो. माझ्या काचेत आतून हिरवट गंज आला आहे. तो खाटेवर असतो. दाबाच्या खोलीत त्याला बसवलं, पण उशीर झाला होता, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. कुणी विचारलं तर तो माझ्यावर दोष टाकत नाही. ते मला सगळ्यात जड जातं.

तुम्ही घड्याळ घ्यायला जाल. जा. पण आकडा बघून भुलू नका, तो आकडा कुठल्या पाण्याचा ते विचारा. नुसतं पोहायचं असेल तर माझ्यासारखं चालेल. पोहून आलात की गोड्या पाण्यात धुवा, कोरडं करा, आणि पाण्यात असताना बटण दाबू नका. वाफेच्या न्हाणीत जाताना काढून ठेवा. वायसर म्हातारं होतं, माणसासारखंच, वरून न दिसता. दोन वर्षं जुन्या घड्याळाच्या पाठीवरचा आकडा म्हणजे मेलेल्या माणसाचा दाखला. आणि कुणाला खोल पाण्यात धाडायचं असेल तर त्याला पाणबुड्यांसाठी केलेलंच घड्याळ द्या. ते कुरूप असेल. तुमच्या भेटीची शोभा होणार नाही. माणूस पायांवर चालत परत येईल.

त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं.

दुपारी तुरातला धुतलं आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलं. अंगणात लोकरीचा तंबू उभा केला होता, बायका आत तोंड फिरवून रडत होत्या. पुरुष बाहेर रांगा करून उभे राहिले. “मलाही तिथं न्या,” ओमुरझाक म्हणाला. नूरदीननं त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घोंगडीवर घालून आणलं आणि रांगेच्या टोकाला ट्रॉली लावली. मी त्याच्या मनगटावर होतो. गाडी अजून यायची होती.

नमाजाआधी मयताचा सगळ्यात जवळचा माणूस पुढं येऊन विचारतो, तशी रीत आहे. जेकशेन पुढं आला. त्याच्या तोंडाला त्या दिवशी वास नव्हता.

“माझा भाऊ तुरात,” तो म्हणाला. “त्यानं कुणाचं देणं ठेवलं असेल तर मला सांगा, मी फेडीन. कुणी त्याचं देणं लागत असेल तर तेही आता बोला.”

वाऱ्यानं तंबूचा दोर वाजत होता.

“मी,” ओमुरझाक म्हणाला. कोपरांवर जोर देऊन त्यानं अंग उचललं. “मी लागत होतो. एका जीवाचं.”

जेकशेननं मान वर केली नाही. तंबूतलं रडणं थांबलं. लोकरीच्या भिंतीआडून बुरुलखान अपाचा आवाज आला.

“फिटलं.”